पदराची मागची बाजू

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या कपड्यांवरून वाद पेटलाय. २०२४ च्या अखेरीस ऑनलाइन कपडे विकणाऱ्या मिंत्राने बंगळुरूत अर्ध्या तासात कपडे घरपोच द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून तो धुमसतोच आहे. भाच्याचं म्हणणं, नाशिकलाही हे हवंच. दादा म्हणतो, असं झालं तर मेन रोडवरच्या दुकानदारांनी शटर ओढायचं का? मी लंडनहून दोघांचंही वाचते. मला वाटतं, मुद्दा वेगाचा नाहीच. विकत घ्यायचं कापड नेमकं कसं आहे ते आपल्याला दिसतं का, हा खरा प्रश्न.

मी ज्या शहरात राहते, तिथे हा प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. नोव्हेंबर १९९९ मध्ये इथून बू डॉट कॉम हे कपड्यांचं ऑनलाइन दुकान सुरू झालं. अर्न्स्ट माल्मस्टेन आणि कायसा लिअँडर हे स्वीडिश जोडीदार त्याच्या संस्थापकांपैकी. कपडा फिरवून बघा, जवळून बघा, पडद्यावरच्या पुतळ्याला घालून बघा, आणि सल्ला द्यायला 'मिस बू' नावाची चित्रातली मुलगी. पण त्या काळी इंटरनेट असलेल्या बहुतेक घरांत टेलिफोनच्या तारेवर चालणारा संथ ५६ के मोडेम. एकेक पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक कंटाळून जायचं. मे २००० मध्ये कंपनी बुडाली, तोवर सुमारे साडेतेरा कोटी डॉलर खर्च झाले होते. पैशाची उधळपट्टी, एकदम अनेक देशांत उघडलेला बाजार ही कारणंही होतीच.

पुढच्याच महिन्यात, जून २००० मध्ये, याच लंडनमध्ये दोन साइट सुरू झाल्या आणि टिकल्या. ॲसॉसने सिनेमा-टीव्हीतल्या कलाकारांच्या अंगावर दिसणाऱ्या कपड्यांसारखे कपडे विकायला घेतले. फॅशन पत्रकार नॅटली मॅसनेट यांनी आपल्या चेल्सीतल्या घरातून नेट-आ-पोर्तेची सुरुवात केली. फॅशनच्या मासिकासारखी मांडणी, आणि त्यातलं आवडलं ते तिथेच विकत घ्यायचं.

बूची गोष्ट सांगताना लोक ती मूर्खपणाची म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. कपडा उलटसुलट करून बघायचा ही त्यांची कल्पना शंभर टक्के बरोबर होती. दुकानात आपण दुसरं काय करतो? पण गिऱ्हाइकाच्या घरची तार कशी आहे याचा विचार त्यांनी केला नाही. मिंत्राने २०१५ मध्ये वेबसाइट बंद करून फक्त ॲप ठेवलं, तेव्हा मला बूचीच आठवण झाली होती. संगणकावरून खरेदी करणाऱ्यांना दार बंद! साधारण वर्षभराने ते पुन्हा उघडावं लागलं.

आता तारेचं कारण उरलेलं नाही. २०१६ मध्ये जिओ आल्यापासून येवल्यातला विणकरही व्हिडिओ कॉल करतो. तरीही साडी विकणाऱ्या किती साइट साडीची मागची बाजू दाखवतात? मॉडेल, सवलतीचा आकडा, घड्याळाची उलटी गिनती, हे सगळं दिसतं. साडी उलटून कोणी दाखवत नाही.

गेल्या वर्षी वहिनीने 'हातमागाची पैठणी' ऑनलाइन मागवली. समोरून मोर सुंदर होता. पदर उलटला तर मागे कापलेल्या धाग्यांचं जाळं. हातमागावरच्या पैठणीत रंगीत धागे एकमेकांत अडकवत नक्षी विणतात, म्हणून पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. हे आमच्या आईला माहीत होतं, वहिनीलाही माहीत आहे. तिला ते तपासायची सोयच नव्हती. साडी परत करायला तिला तीन आठवडे फोन करावे लागले.

इथे ब्रिटनमध्ये ऑनलाइन घेतलेला कपडा आवडला नाही, एवढ्या कारणावरूनही चौदा दिवसांत खरेदी रद्द करून तो परत करण्याचा हक्क आहे. हेच भारतात आणा, असं मी म्हणणार नाही. इथे लोक एकाच ड्रेसचे तीन साइझ मागवून दोन परत पाठवतात, आणि त्या ने-आणीचा खर्च शेवटी सगळ्यांच्याच माथी येतो. पण भारतात २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. जाहिरातीत सांगितल्यासारखी वस्तू नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यावीच लागते. म्हणजे जाहिरातीत काय लिहिलंय, काय दाखवलंय, यावर सगळं अवलंबून. 'पैठणी स्टाइल' असं मोघम लिहिलं की विक्रेता सुटला. 'हातमाग' हा शब्द आणि पदराच्या मागच्या बाजूचा फोटो दोन्ही असतील, तर गिऱ्हाइकाच्या हातात पुरावा राहतो. पोटापाण्यासाठी महिनोन् महिने मागावर बसणाऱ्या विणकरालाही याचाच आधार आहे, कारण त्याच्या आणि यंत्रमागाच्या कापडातला फरक फोटोत तिथेच सगळ्यात स्पष्ट दिसतो.

म्हणून दादाला आणि भाच्याला माझं सांगणं आहे: अर्धा तास की चार दिवस, यावर भांडू नका. साडी उलटी करून दाखवा, अशी मागणी करा. पुढच्या महिन्यात पुतणीचं लग्न आहे. मी तीन ऑनलाइन विक्रेत्यांना पदराच्या मागच्या बाजूचा फोटो मागितला. दोघांनी सवलतीचा कोड पाठवला. तिसऱ्याने फोटो पाठवला, सोबत पट्टी ठेवून काठाची रुंदीही दाखवली. साडी त्याच्याकडूनच घेतली आहे, यायला बारा दिवस लागणार आहेत.