तुपावरची मर्यादा कुणीही उठवलेली नाही

एक लांबलचक मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपांमधून फिरतोय. त्याचा सारांश असा: अमेरिकेने जानेवारी 2026 मध्ये आहाराचा पिरॅमिड उलटा केला, कोलेस्टेरॉलची भीती खोटी होती हे सरकारनेच कबूल केलं, तेव्हा तूप-लोणी हवं तेवढं खा, कोलेस्टेरॉलची गोळी बंद करा, आयोडीनचं मीठ टाकून सैंधव आणा, पोळी-भात सोडा, प्रोटीन दुप्पट करा. स्टेंट बसवून वर्षही न झालेल्या घरच्या माणसाने हे वाचून गोळ्यांची स्ट्रिप बाजूला ठेवली, म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी गोळीचं बघू, कारण बाकीच्या मुद्द्यांनी तब्येत हळूहळू बिघडेल, या एका मुद्द्याने जीव जाऊ शकतो.

‘सरकारने कबूल केलं’ हे 2015-20 च्या अमेरिकी मार्गदर्शिकेतून उचललेलं आहे. तिने अन्नातल्या कोलेस्टेरॉलची दिवसाला 300 मिलिग्रॅमची मर्यादा काढली, हे खरं. त्याच मार्गदर्शिकेत कोलेस्टेरॉल शक्य तितकं कमीच खावं असंही लिहिलंय, ते मेसेजवाल्याने वगळलं. आणि ही मर्यादा ताटातल्या कोलेस्टेरॉलची होती, रक्तातल्या नव्हे. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृत स्वतः बनवतं. यकृताच्या पेशींवर एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ओढून घेणारे रिसेप्टर असतात. सॅच्युरेटेड फॅट (तूप, लोणी, साय, खोबरं यांत भरपूर असणारा स्निग्धांश) जास्त खाल्लं की हे रिसेप्टर कमी होतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. स्टॅटिनची गोळी, म्हणजे नेहमीची कोलेस्टेरॉलची गोळी, यकृतातलं उत्पादन आवळते, मग यकृत रिसेप्टर वाढवून रक्तातलं एलडीएल खेचून घेतं. गोळी थांबली की काही आठवड्यांत आकडा जुन्या जागी येतो. दुखत-खुपत मात्र काहीच नाही, म्हणून ‘महिना झाला सोडून, ठणठणीत आहे’ असं माणूस सांगत फिरतो.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. आपल्याकडे स्टेंटवाल्या अनेकांना एकाच कॅप्सूलमध्ये तीन औषधं दिलेली असतात: रोसुव्हास्टॅटिन किंवा ॲटोरव्हास्टॅटिन, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. घरात तिला ‘कोलेस्टेरॉलची गोळी’ म्हणतात. ती बंद केली की रक्त पातळ ठेवणारी दोन्ही औषधंही बंद होतात. स्टेंट नवा असताना हे झालं तर त्यातच गुठळी धरू शकते आणि थेट हार्ट अटॅक येऊ शकतो. स्ट्रिपच्या मागे छापलेली नावं वाचा. अंग दुखतं, पाय भरून येतात अशी तक्रार असेल तर ती खरी असू शकते, आणि त्यावर डोस कमी करणं, स्टॅटिन बदलणं, एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचं दुसरं औषध जोडणं असे मार्ग आहेत. ते डॉक्टरांना विचारून करायचे. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या 2024 च्या सूचनांनुसार अशा अतिजोखमीच्या रुग्णांचं एलडीएल 55 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली हवं. नुसत्या पथ्याने तिथपर्यंत क्वचितच कुणी पोचतं.

आता तूप. 2026 च्या अमेरिकी मार्गदर्शिकेत साईसकट दुधाला आणि लोण्याला जागा दिली आहे, हे मान्य. पण सॅच्युरेटेड फॅट एकूण कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या वर नको, ही जुनी अट तिथेही तशीच आहे. या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही, हा आक्षेप तिथल्याच आहारतज्ज्ञांनी घेतला. हिशोब आपणही करू शकतो. 2000 कॅलरींचे 10 टक्के म्हणजे साधारण 22 ग्रॅम. अर्धा लिटर फुल क्रीम दुधात 30 ग्रॅम स्निग्धांश असतो, त्यातले 18-19 ग्रॅम सॅच्युरेटेड. राहिले तीन-चार ग्रॅम, म्हणजे जेमतेम सव्वा चहाचा चमचा तूप. हृदयरोग्यांसाठी अमेरिकन हार्ट असोसिएशन 6 टक्के सांगते, म्हणजे 13 ग्रॅम. तिथे हे दूधच बसत नाही. साय काढून कढवलेलं तूप त्याच घरातल्या वरणभातावर पडत असेल, तर स्निग्धांश घराबाहेर गेलेला नाही, फक्त भांडं बदललं. ओलं खोबरं आणि खोबरेल तेलही याच हिशोबात येतात, हे कोकण-गोव्याकडच्यांनी लक्षात ठेवावं.

मेसेजमध्ये एक गोष्ट अर्धी खरी आहे, ती देऊन टाकतो. तुपाला घाबरून लोक वनस्पती तुपाकडे (डालडा) वळले आणि त्यातल्या ट्रान्स फॅटने जास्त नुकसान केलं. ट्रान्स फॅटवरची 2 टक्क्यांची मर्यादा आपल्याकडे थेट जानेवारी 2022 मध्ये आली. अंड्याचंही तसंच: पिवळ्यात कोलेस्टेरॉल सुमारे 186 मिलिग्रॅम, पण सॅच्युरेटेड फॅट दीड ग्रॅमच. निरोगी माणसाने रोज एक अंडं खायला हरकत नाही. कोळंबीलाही तोच न्याय.

सैंधव हेही सोडियम क्लोराइडच. पाच ग्रॅममध्ये जवळपास 2000 मिलिग्रॅम सोडियम, साध्या मिठाइतकंच, म्हणून त्याने बीपी उतरत नाही. जातं ते आयोडीन, आणि घरात गरोदर सून किंवा लेक असेल तर बाळाच्या मेंदूच्या वाढीला तेच लागतं. उपवासापुरतं सैंधव ठीक, रोजच्या डब्यात नको. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं; किडनीचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्या चालू असतील तर ते विचारल्याशिवाय घेऊ नये.

पोळी-भाताबद्दल हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2024 ची मार्गदर्शिका पुरेशी स्पष्ट आहे. 2000 कॅलरींना धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं 85 ग्रॅम, दूध-दही 300 मिलि, भाज्या 400 ग्रॅम, तेल-तूप मिळून 27 ग्रॅम. सगळी वजनं कच्च्या मालाची. आपल्या ताटात धान्य जास्त आणि डाळ कमी, हे खरं आहे; पातळ वरणाच्या एका वाटीत डाळ अगदी थोडी असते. वरण घट्ट करा, सोबत उसळ ठेवा. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना मात्र पोळी-भात एकदम बंद केला तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. प्रोटीन पावडर घेऊ नका, असं तीच मार्गदर्शिका सांगते.

तेल-तुपाचा आकडा चमच्याने मोजत बसू नका, किराण्याच्या बिलावर मोजा. चार मोठी माणसं, महिना: तेल आणि तूप मिळून साडेतीन लिटर. आणि गोळी थांबवलेली असेल तर किती दिवस बंद होती हे डॉक्टरांना आजच फोन करून सांगा. पुन्हा सुरू झाल्यावर 4 ते 12 आठवड्यांत लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी) करून घ्या.