जुनं ते सोनं, नवं ते नुसतं स्वच्छ

पाश्चात्त्य अभिजात संगीतातले दर्दी व्हायचं तर पुष्कळ ऐकावं लागतं, असा एक गैरसमज आहे. ऐकणारे उदंड असतात, त्यांना कोणी विचारत नाही. मान असतो तो एकाच रचनेच्या वेगवेगळ्या रेकॉर्डिंगांची तुलना करणाऱ्याला. कोणी भाबडेपणाने म्हणालं, "काल बीथोव्हेनची पाचवी सिंफनी ऐकली, फार आवडली," की आपण चष्मा काढायचा, काच पुसायची आणि विचारायचं, "कोणाची?" तो बिचारा म्हणेल, "बीथोव्हेनचीच." इथे हसू नका. फक्त मान हलवा. पुढचा अर्धा तास तुमचा आहे.

पाचवीसाठी एक उत्तर पाठ करून ठेवायला हरकत नाही: संचालक कार्लोस क्लायबर, वाद्यवृंद व्हिएन्ना फिलहार्मोनिक, साल १९७४. पण त्यात अडचण अशी की ते रेकॉर्डिंग खरोखरच तितकं चांगलं आहे आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे त्यात तुमची कमाई शून्य. जरा मागे सरका. १९१३ साली आर्थर निकिशने बर्लिन फिलहार्मोनिककडून हीच पाचवी वाजवून घेतली, तेव्हा ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन आलेला नव्हता. त्या काळी वादक एका भोंग्यासमोर दाटीवाटीने बसत आणि भोंग्यात जाईल तेवढं संगीत मेणावर उमटे. आज ऐकताना वाटतं, पलीकडच्या इमारतीत कोणी तरी सिंफनी वाजवतंय आणि दार लावून घेतलंय. याबद्दल बोलायचं झालं तर "आत्मा आहे" एवढंच म्हणायचं. जिथे बाकी काही ऐकू येत नाही तिथे आत्मा असतोच.

आता चार सालं लक्षात ठेवा. १९२५ला विजेवरचं मुद्रण आलं, १९४८ला एलपी म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, १९५८ला स्टिरिओ एलपी दुकानांत आल्या, १९८२ला सीडी. यातला प्रत्येक टप्पा म्हणजे संगीताच्या ऱ्हासाची एकेक पायरी, असं मानून चालायचं. खरखर जितकी जास्त तितकी खोली जास्त. १९५८पर्यंत मोकळ्या मनाने कौतुक करा, नंतर हात आखडता घ्या, आणि १९८२नंतरच्या कशालाही "थंड" म्हणा. आणखी एखाद्या सिंफनीला पुन्हा "थंड" म्हणायची लाज वाटली तर "काचेसारखं" म्हणा, तिसऱ्या वेळी "निर्जंतुक".

विशेषणांचा हिशेब मात्र चोख ठेवावा लागतो, कारण एकच गोष्ट जुन्यांच्या खात्यात जमेला आणि नव्यांच्या खात्यात नावे लिहायची असते. चुकलेल्या सुरांचंच घ्या. आर्टुर श्नाबेलने १९३२ ते १९३५ या काळात बीथोव्हेनच्या बत्तीसच्या बत्तीस पियानो सोनाटा पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केल्या. त्यात हामरक्लाविअर सोनाटाला बीथोव्हेनने जो अचाट मेट्रोनोमचा, म्हणजे लय मोजायच्या यंत्राचा, आकडा लिहून ठेवलाय, त्याच्यामागे तो जीव खाऊन धावला आणि वाटेत मूठभर सूर सांडले. ही "रचनेशी झुंज". आजच्या पियानोवादकाचा एक सूर सांडला तर ती "तयारी कमी". एकही नाही सांडला तर "यंत्र आहे हो". म्हणजे आजच्या माणसाने नेमकं किती चुकावं? हे विचारू नये, विचारणाऱ्याचा कान कच्चा.

श्नाबेल, कोर्तो ही जुनी पियानोवादक मंडळी चुका ठेवून देत त्यामागे तत्त्वज्ञानापेक्षा तबकडीचं गणित जास्त होतं, हेही चारचौघांत काढू नका. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारण चार-साडेचार मिनिटांची. मेणावर कात्री चालत नाही. शेवटच्या ओळीत बोट घसरलं तर अख्खी बाजू पुन्हा वाजवायची, किंवा "असू दे" म्हणायचं. त्यांनी "असू दे" म्हटलं, आपण त्याला सौंदर्यशास्त्र म्हटलं. टेप आली आणि तुकडे कापून जोडणारी कात्री आली, तशी कात्रीची निंदाही आली. गंमत म्हणजे पियानोवादक व्लादिमिर होरोविट्झ बारा वर्षांनी व्यासपीठावर परतला, १९६५मध्ये, कार्नेगी हॉलमध्ये, तेव्हा त्या मैफलीच्या अगदी सुरुवातीलाच चुकीचे सूर लागले होते, आणि रेकॉर्ड बाजारात आली ती ठिगळ लावून. बिनठिगळाची आवृत्ती २००३ला निघाली. मधली अडतीस वर्षं कात्रीचे कट्टर विरोधक तिलाच जिवंत मैफलीचा नमुना म्हणत डोळे मिटून ऐकत होते. अर्थात वाजवलंय असं, की ठिगळासकट ऐकावं. पण हे माझं खासगी मत, तुम्ही पाठ करू नका.

मिनिटं मोजणं हा दर्दीपणाचा सर्वांत स्वस्त मार्ग, कारण त्यासाठी रेकॉर्ड लावावीच लागत नाही, पाठीमागची छपाई वाचली की झालं. पियानोवादक ग्लेन गूल्डने बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्स रेकॉर्ड कंपनीसाठी स्टुडिओत दोनदा ध्वनिमुद्रित केल्या, १९५५ला आणि १९८१ला. पहिल्या साधारण ३८ मिनिटांच्या, दुसऱ्या ५१. एवढ्या वजाबाकीवर "तारुण्याचा उन्माद आणि आयुष्याच्या संध्याकाळचं चिंतन" असं तासभर बोलता येतं. १९८२मध्ये तो गेला, हे गंभीर आवाजात शेवटी सांगायचं. फक्त एखादा खट मुलगा म्हणेल की पहिल्या खेपेला गूल्डने एकाही भागाची पुनरावृत्ती घेतली नव्हती आणि दुसऱ्या खेपेला काहींची घेतली, मग या तेरा मिनिटांत चिंतन किती आणि तेच पुन्हा वाजवणं किती? अशा मुलाला परत बोलावू नये. (खरं सांगायचं तर सुरुवातीच्या संथ धुनेत, म्हणजे आरियात, पुनरावृत्ती दोन्हीकडे नाही, आणि तीच १ मिनिट ५३ सेकंदांवरून तीन मिनिटांच्या पुढे गेलीय. चिंतन आहे. पण त्यासाठी आरिया ऐकावी लागते, आणि आपण ऐकण्याच्या भानगडीत पडायचं नाही असं ठरलंय.) गूल्ड वाजवताना गुणगुणतो, तेही दोन्ही रेकॉर्डिंगांत. ती समाधी. आजचा कोणी गुणगुणला तर मायक्रोफोनवाल्याची चूक.

कापाकापीचंही तसंच. रॅखमानिनॉफने स्वतःची तिसरी पियानो कॉन्चेर्तो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) १९३९-४०मध्ये संचालक युजीन ऑर्मंडीबरोबर ध्वनिमुद्रित केली, ती आपल्याच रचनेतले तुकडे गाळून. हे "प्रमाण". हेच तुकडे आज कोणी गाळले तर "रचनाकाराचा अवमान".

एका ठिकाणी मात्र माझी चेष्टा अडखळते. १६ जानेवारी १९३८, व्हिएन्ना, संचालक ब्रूनो वाल्टर आणि मालरची नववी सिंफनी. श्रोते खोकतायत, वाद्यवृंद कुठे कुठे कसाबसा तोल सावरतोय. दोन महिन्यांत हिटलरचं सैन्य त्या शहरात शिरलं, आणि ज्यू असलेल्या वाल्टरला तिथे जागा उरली नाही. हे ठाऊक असलं की शेवटच्या पानावर अंगावर काटा येतो, आणि खोकलासुद्धा ऐतिहासिक वाटायला लागतो. तारीख झाकली असती तर काटा आला असता का? तुलनेच्या धंद्यात या प्रश्नाला बंदी आहे.

समोरच्या पंथाबद्दलही दोन शब्द. तिथे सगळा व्यवहार उलटा. १९८०च्या दशकात रॉजर नॉरिंग्टनसारख्यांनी बीथोव्हेनच्या काळची वाद्यं पुन्हा वापरात आणली, तंतुवाद्यांचा कंप काढून टाकला, मेट्रोनोमचे आकडे शिरोधार्य मानले. त्यांच्या शिष्यांच्या मते जुन्या पिढीतला संचालक फुर्टवेंगलरची १९५१ची बायरॉइट महोत्सवातली बीथोव्हेनची नववी म्हणजे शिळं, जड, धुकट जेवण. नवं चांगलं, कारण तेच खरं जुनं. कसंही फिरलं तरी वर्तमानकाळाला बसायला जागा नाहीच.

तुलना प्रत्यक्ष करून दाखवायची वेळ आली तर आपली लाडकी रेकॉर्ड किंचित मोठ्या आवाजात लावा. किंचितच. जास्त आवाजाचं माणसाला "जास्त भरीव, जास्त जवळचं" वाटतं, आवाज मोठा आहे हे लक्षात येत नाही. जुन्या तबकड्या ठरल्या वेगाने फिरतीलच असं नसे. त्या जरा जोरात फिरवल्या की लय आणि सूर दोन्ही चढतात, त्याला "तेज" म्हणता येतं. एकाच रेकॉर्डिंगची चार वेगवेगळी पुनर्मुद्रणं घरात ठेवलीत तर संगीताकडे वळायची गरजच संपते.

आणि कोणी म्हणालं, "नाव न सांगता लावू, ओळखा," तर उठा. फोन आलाय म्हणा, कानात दडा बसलाय म्हणा. झाकली मूठ सव्वा लाखाची. पियानोवादक दिनू लिपात्ती १९५०मध्ये तेहतिसाव्या वर्षी गेला. पुढे त्याच्या नावावर शोपॅंच्या पहिल्या कॉन्चेर्तोची एक रेकॉर्ड निघाली, वर्षानुवर्षं लोकांनी ती लिपात्ती म्हणून जपली, आणि १९८१मध्ये कळलं की वाजवणारी हालिना चेर्नी-स्टेफान्स्का होती. उत्तम पियानोवादक, पण अकाली गेलेली नव्हती, हा तिचा दोष. पियानोवादक जॉयस हॅटोचं प्रकरण तर आणखी वाईट. तिच्या नावावर शंभराहून जास्त सीडी निघाल्या, जाणत्यांनी डोक्यावर घेतल्या. २००७मध्ये तिची लिस्टच्या रचनांची एक सीडी कोणी तरी संगणकात घातली, आणि संगणक म्हणाला, हा तर लास्लो सिमोन नावाचा दुसराच पियानोवादक. मग एकेक सीडी इतर वादकांची निघत गेली. चोरी तिच्या नवऱ्याची, पकडली यंत्राने. कानसेनांची बैठक मधल्या काळात विशेषणं निवडत होती.

राहता राहिले जिवंत कलावंत. त्यांचं कौतुक शक्यतो करूच नये. जिवंत माणूस उद्या वाईट वाजवून आपल्याला तोंडघशी पाडू शकतो, मेलेला कधीच नाही. २०२२च्या व्हॅन क्लायबर्न पियानो स्पर्धेत अठरा वर्षांच्या युन्चान लिमने रॅखमानिनॉफची तीच तिसरी वाजवली आणि जिंकला. त्याच्याबद्दल विचारलं तर म्हणा, "बोटं आहेत. बघू पन्नास वर्षांनी."

तरी कधी रात्री चुकून लिमचं ते वादन लावलं जाईल. शेवटच्या भागात केव्हा तरी तुम्ही खुर्चीच्या कडेला सरकलेले असाल आणि होरोविट्झ, रॅखमानिनॉफ, कोणाचंच नाव आठवत नसेल. घाबरू नका, असं होतं. दार लावा, हेडफोन घाला, पहिल्यापासून पुन्हा ऐका. टेबलावर मात्र रॅखमानिनॉफच्या १९३९-४०च्या रेकॉर्डिंगचं कव्हर दिसेल असं उभं करून ठेवा. कोण केव्हा डोकावेल, सांगता येत नाही.