वाऱ्याबरोबर जाणार, आणि परत?

बोर्ड मला घ्यायचा होता. पैसे माझे, पाय माझे, आणि पाण्यात तोंडावर आपटणार होते तीही मीच. तरी दुकानातल्या त्या मुलाने काइटबोर्डाची, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावर पळणाऱ्या फळीची, साद्यंत माहिती दिली ती माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका परक्या गृहस्थांना. गृहस्थ पोहण्याचा गॉगल बदलून घ्यायला आले होते. गॉगलात पाणी शिरत होतं. आमचा संबंध एवढाच, की आम्ही एकाच काउंटरला टेकून उभे होतो.

मी म्हटलं, "लांब पल्ल्याच्या डाउनविंडरसाठी बोर्ड दाखवा."

मुलगा गॉगलवाल्या काकांकडे वळला. "सर, मॅडमचं वजन किती?"

आता यावर कुणीही भला माणूस म्हणेल, "मला काय माहीत? मी यांना ओळखत नाही." काकांनी मला नखशिखान्त न्याहाळलं, एक डोळा बारीक केला आणि म्हणाले, "पासष्ट धर."

मुलाने पासष्ट धरले. लिहूनही घेतले. आकडा बरोबर होता की चूक, हे मी इथे सांगणार नाही.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काइट उडवत पाण्यावर फिरणारे बहुतेक लोक जिथून निघतात तिथेच परत येतात. त्यासाठी वाऱ्याला तिरपं कापत वर, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, चढावं लागतं, आणि त्यात अर्धं आयुष्य जातं. डाउनविंडरमध्ये ती कटकट नाही. किनाऱ्याच्या कडेकडेने, वारा नेईल तिकडे वीस, तीस, चाळीस किलोमीटर जायचं. ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर कुंबुकोपासून जेरिकोआकोआरापर्यंत लोक असे दिवसच्या दिवस जातात. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लुफिन्या तर 2015 मध्ये लिस्बनहून निघून मदेइरा बेटावर पोचला. आठशे किलोमीटरहून जास्त अंतर, रात्रीसुद्धा पाण्यावरच. माझी महत्त्वाकांक्षा इतकी नाही. मला फक्त दुसऱ्या दिवशी जिना उतरता यावा एवढीच इच्छा आहे, आणि ते बोर्डावर अवलंबून असतं.

मुलाने एक काळा कुळकुळीत ट्विन-टिप काढून काकांच्या हातात दिला. ट्विन-टिप म्हणजे दोन्ही टोकं सारखी असलेला बोर्ड, ज्याला पुढचं-मागचं नसतं. "सर, पॉप बघा याचा."

"पॉप म्हणजे?"

"उडी, सर. पंधरा मीटरपर्यंत जाणारे आहेत."

काकांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "या उडणार?"

"मला उडायचं नाहीये," मी म्हटलं. "मला उभं राहायचंय. तीन-चार तास."

मुलाचा चेहरा पडला. जगातल्या सगळ्या बोर्डांच्या जाहिरातीत माणूस हवेत असतो, कुणीही पाण्यावर निमूट उभा नसतो. परीक्षणं वाचा, तिथेही तेच. पॉप, लँडिंग, पुन्हा पॉप. ही मंडळी शांत पाण्यावर अर्धा तास बागडून येतात आणि लिहायला बसतात असा माझा दाट संशय आहे. पंचविसाव्या किलोमीटरला मागच्या पायाच्या मांडीचं काय होतं, हे कुणाच्या तक्त्यात नसतं.

तो काळा बोर्ड कडक होता आणि जवळजवळ सपाट. बोर्ड जमिनीवर ठेवून बाजूने पाहिला की टोकं थोडी वर उचललेली दिसतात, तो रॉकर. रॉकर कमी असला की बोर्ड कमी वाऱ्यातही चटकन पाण्यावर येतो आणि वेगात पळतो. दाखवायला छान. पण उघड्या समुद्रात वाऱ्याने उठवलेल्या बारीक, दाट लाटा असतात, आणि असल्या बोर्डावरून त्या पार करणं म्हणजे लाकडी पाटावर बसून जिना उतरणं. प्रत्येक पायरीची नोंद गुडघा घेतो. रॉकर जास्त आणि बोर्ड थोडा लवचीक असला तर लाटांचे धक्के मुरतात, पण मग वेग जातो आणि काइटला जास्त ओढावं लागतं. दोन्ही कुणालाच मिळत नाही. हे मी मुलाला विचारणार होते, पण तो काकांना बोर्ड गुडघ्यावर दाबून त्याची लवचीकता पाहायला शिकवत होता. काका दाबत होते आणि "हां... हां..." म्हणत होते.

मग काकांना मूळ प्रश्न पडला. बोर्ड खाली ठेवून ते माझ्याकडे वळले, आणि ह्या सगळ्या प्रकरणात माझ्याशी थेट बोलणारे ते पहिले गृहस्थ ठरले.

"म्हणजे तुम्ही वाऱ्याच्या दिशेनेच जाणार?"

"हो."

"मग नुसतं तरंगलात तरी पोचाल की."

"पोचेन, पण..."

"मग बोर्ड कशाला?"

"सर, बोर्ड लागतोच," मुलगा म्हणाला. धंद्याचा प्रश्न होता.

"थांब रे. आणि परत कशा येणार?"

"गाडीने."

"कुठल्या गाडीने?"

"कुणीतरी गाडी घेऊन पुढे जाऊन थांबतं."

"म्हणजे गाडी तिथे जाणारच आहे?"

"हो."

"रिकामी?"

इथे मी जरा थांबले. "हो."

"मग तुम्ही गाडीतूनच का नाही जात?"

दुकानात शांतता पसरली. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. तोपर्यंत मी दुकानात आहे हे त्याच्या ध्यानात आलं नसावं. आता त्यालाही उत्तर हवं होतं.

ह्या प्रश्नाला उत्तर नाही, मी शोधून दमले आहे. 1984 मध्ये फ्रान्समधल्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी हवा भरायच्या काइटचं पेटंट घेतलं. पाण्यात पडला तरी तरंगेल आणि पुन्हा उडवता येईल असा काइट. आज आम्ही जे उडवतो ते त्याचंच वंशज. पण तो बाजारात नीट रुजायला दहा वर्षांहून जास्त गेली. लोक कारणं देतात, की वाऱ्यावर चालणाऱ्या शिडाच्या बोर्डांचा जमाना होता, कंपन्यांना रस नव्हता वगैरे. मला वाटतं, त्या भावांना प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी गॉगल बदलायला आलेलं भेटलं असणार.

मी विज्ञानाचा आधार घेतला. "काका, वाऱ्याबरोबर जाणं दिसतं तितकं सोपं नाही. समजा वारा वीस नॉटचा आहे आणि मी सरळ त्याच दिशेने बारा नॉटने निघाले, तर काइटला उरतात आठ. दोऱ्या सैल पडतात आणि काइट पाण्यात येतो. म्हणून थोडं तिरपं जावं लागतं, काइट वरखाली फिरवत राहावं लागतं."

काकांनी हिशेब केला. तोंडी, पण चोख. "म्हणजे बोर्ड जितका जोरात पळेल तितका पतंग पडणार?"

"सरळ वाऱ्याच्या दिशेने गेलं तर... एका अर्थी हो."

"मग वाईटातला वाईट घ्या."

मुलगा म्हणाला, "सर, आपल्याकडे वाईट नाहीत."

आतून तो एक नवीन बोर्ड घेऊन आला, आणि आणताना प्रथमच माझ्याकडे पाहून हसला. "मॅडम, हा लेडीज."

लेडीज म्हणजे नेहमीच्यापेक्षा चार-पाच सेंटिमीटर आखूड, अरुंद, आणि त्यावर जांभळी फुलं. फुलं खालच्या बाजूला होती, जिथून ती फक्त माशांना दिसतात. वास्तविक लांबच्या वाटेला बोर्ड आपल्या नेहमीच्या मापापेक्षा थोडा मोठा घ्यावा. पाण्यावर सहज राहतो, वारा मध्येच मंदावला तरी बुडत नाही, पायांना कमी रेटावं लागतं. माझ्या मापाला (काकांचे पासष्ट धरूनच चालू) साधारण 134 सेंटिमीटरचा ट्विन-टिप चालतो, लांब जायचं तर 138, 140. आणि हा मला दाखवतोय 130! त्याचे पाय अडकवायचे स्ट्रॅप सगळ्यात घट्ट ओढले तरी माझा पाय आत फुगडी घालत होता. बाईचा बोर्ड म्हणून बोर्ड कापला, रंगवला, वर फुलं काढली, आणि पाय मात्र कुणाचा मोजला कोण जाणे. हे मी हसत लिहिते आहे, पण दुकानात मला हसू आलं नव्हतं. सैल स्ट्रॅपमध्ये तीन तास बोटांनी पकड धरून उभं राहिलं की तळव्यात गोळे येतात. त्याची तक्रार केली की ऐकायला मिळतं, "बायकांना ताकद कमी पडते."

मी पलीकडे उभे असलेले सर्फबोर्ड दाखवा म्हटलं. माझ्या मनात पहिल्यापासून तेच होते. एकाच दिशेने जाणारा, टोकदार नाकाचा, खाली माशाच्या परांसारखे तीन फिन आणि आत फोमचा फुगवटा असलेला बोर्ड. लाट मागून आली की तिच्यावर चढून घसरत जातो, काइटवर भार नाही. शिवाय लांबच्या वाटेवर वारा तासन्‌तास एकाच बाजूने असतो आणि ट्विन-टिपवर त्याच टाचांवर रेलून राहावं लागतं. सर्फबोर्डवर स्ट्रॅप नसले तर पाय सरकवता येतात, पुढचा मागे, मागचा पुढे. दुखणं थांबत नाही, पण त्याची बदली करता येते.

"पाच फूट सहा," मुलगा म्हणाला. "तेवीस लिटर."

"लिटर?" काका चमकले. "यात काय भरायचं?"

काकांचं चूक नव्हतं. ट्विन-टिप सेंटिमीटरमध्ये, सर्फबोर्ड फूट-इंचात, वरून त्याच्या फुगवट्याचं घनफळ लिटरमध्ये, वारा नॉटमध्ये, काइट चौरस मीटरमध्ये. एका खेळाला सगळी परिमाणं मिळून पुरत नाहीत.

"आणि याला पाय अडकवायचं काहीच नाही?" काकांनी विचारलं. "पडलात तर?"

हा मात्र खरा प्रश्न होता, आणि दुकानदाराने विचारायला हवा होता. पडलं की बोर्ड तिथेच राहतो आणि काइट आपल्याला पुढे ओढून नेतो. मग बोर्ड आणायला पाण्यात आडवं होऊन, एक हात पुढे खुपसून, तिरपं तिरपं वाऱ्याविरुद्ध सरकत जायचं. ज्या वर चढण्याचा कंटाळा म्हणून डाउनविंडरला निघालो, तेच वर चढणं, आणि तेही बोर्डाशिवाय. दोरीने बोर्ड स्वतःला बांधावा म्हटलं तर ती दोरी ताणली जाते, सुटते आणि बोर्ड डोक्यात येतो.

हे ऐकल्यावर मुलाने ठेवणीतलं अस्त्र काढलं. हायड्रोफॉइल. बोर्डाखाली जवळजवळ मीटरभर लांब दांडा आणि त्याच्या टोकाला पंख. बोर्ड पाण्याच्या वर उचलला जातो, लाटा लागतच नाहीत. "सर, 2024 च्या ऑलिम्पिकमध्ये हेच होतं."

होतं, मान्य. शर्यती मार्सेयला झाल्या, सगळे फॉइलवर. पण ती मंडळी खोल पाण्यात होती. मी किनाऱ्याच्या कडेने जाणार, जिथे वाळूचे उंचवटे पाण्याखाली दबा धरून बसलेले असतात. दांडा वाळूत रुतला की बोर्ड थांबतो आणि मी पुढचा प्रवास एकटीने करते.

"हा घ्या," काका फॉइलकडे बोट दाखवत म्हणाले. "काहीतरी घेतल्यासारखं दिसतं."

मी पाच फूट सहाचा सर्फबोर्ड घेतला. वर जाड मऊ पॅड, आणि लागलाच तर पुढच्या पायाला स्ट्रॅप बसवायला भोकं. दुकानाच्या मध्यभागी जमिनीवर ठेवून त्यावर उभी राहिले, गुडघे वाकवले, पाय बदलले, पुन्हा बदलले. मुलाला ते आवडलं नाही. काका म्हणाले, "राहू दे रे, उभंच तर राहायचंय त्यांना."

बिल करताना मुलाने विचारलं, "सर, नाव काय लिहू?" काकांनी मला माझं नाव विचारलं. मी त्यांना सांगितलं. त्यांनी त्याला सांगितलं. आम्हा तिघांत हातभराचं अंतर होतं. वर त्याने स्पेलिंगही त्यांनाच विचारलं.

बाहेर बोर्ड गाडीच्या टपावर बांधताना काका मागोमाग आले. गॉगल बदलून मिळाला नव्हता. बिल हरवलं होतं म्हणे.

"ती रिकामी गाडी कोण चालवतं?" त्यांनी विचारलं.

इथे त्यांनी माझ्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. बोर्ड मिळतो, काइट मिळतो, वाराही मिळतो, गाडी चालवायला माणूस मिळत नाही. वारा चांगला असला की ज्याला त्याला पाण्यात जायचं असतं. वारा नसला की सगळे गाडी चालवायला तयार.

"मी रिकामाच असतो," काका म्हणाले. "येईन. पुढे जाऊन थांबायचं, एवढंच ना?"

मी नंबर दिला. तेव्हापासून रोज सकाळी काकांचा संदेश येतो. वाऱ्याच्या अंदाजाचं चित्र, त्यावर बाण, आणि खाली, "आज जोरदार!" पण वारा जिकडे चालला आहे तिकडे बाणाचं टोक असतं, हे त्यांना काही केल्या पटत नाही. त्यांच्या मते टोक म्हणजे जिथून वारा येतो ती बाजू. मी आकृती काढून पाठवली. त्यांनी अंगठा पाठवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटं. म्हणजे मी उत्तरेला निघणार आणि काका रिकामी गाडी घेऊन दक्षिणेला जाऊन थांबणार. येत्या रविवारी वारा चांगला आहे. दुसरा ड्रायव्हर नाही.