ट्रोल आणि निसवलेली केळी

दर रविवारी माझ्या खोलीत चार जण डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ, खेळायला जमतात, आणि डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी, म्हणून राक्षसांची सगळी उसाभर माझ्याच गळ्यात. हे येतात, शेव-मुरमुरे खातात, फासे टाकतात आणि जातात. मी मात्र शनिवारी रात्री दोनला कॅल्क्युलेटर घेऊन बसलेलो, आणि आई दारातून विचारते, जीएसटी भरतोय का रे.

मागच्या वेळी ओगर नावाचा राक्षस आणला होता, ५९ हिट पॉइंटचा (हे संपले की खेळ खलास), माझ्या २०१४ च्या पुस्तकात आहे तसाच. पण हे चौघं आणि तो एकटा, त्याचा एक वार होईस्तोवर यांचे चार झालेले, दुसऱ्या राउंडला गडी आडवा. "काय भो, एवढाच होता का?" हे फार लागलं मला.

म्हणून यंदा ट्रोल. पॉइंट ८४, वर दर टर्नला १० आपोआप भरतात, त्याचा टर्न खेळातल्या दर ६ सेकंदांनी येतो, आणि ते भरणं थांबवायला आग नाहीतर ॲसिडच लागतं. तिसऱ्या लेव्हलच्या पोरांना झेपणार नाही म्हणून मी ८४ चे ६० केले, १० चे ५ केले, नखं जरा बोथट केली आणि गावचा वाटावा म्हणून त्याला रावेरकडच्या केळीच्या बागेत आणून बसवला. (राक्षस नावाचा राक्षस त्या पुस्तकात आधीच आहे, तोंड वाघाचं आणि तळहात उलटे. आपल्या हडळीचे पाय उलटे. खातं एकच, अवयव वेगळा.) जादूगाराला आगीचा मंत्रही मुद्दाम देऊन ठेवला.

तिथंच फसलो. कारण जादूगार खेळणाऱ्याच्या घरी खरोखरच केळी आहे.

"बाग निसवलेली आहे म्हणालास ना?"

मी हौसेनं बोलून गेलो होतो, बाग निसवलीय, म्हणजे घड बाहेर पडलेत, चांदण्यात लटकताहेत वगैरे.

"मंग मी नाही लावत आग. वर्षाचं पीक आहे भो."

"अरे, खोटी बाग आहे!"

"ट्रोल पण खोटाच आहे, खाऊ दे त्याला."

पाऊण तास हेच. हे तलवारीनं पॉइंट काढताहेत, ट्रोल भरतोय, मुरमुरे संपले. शेवटी क्लेरिक, म्हणजे खेळातला पुजारी, जो एरवी नुसता मोबाइल बघत बसतो, तो म्हणाला, "बागेत ड्रिप आहे का?" आता जळगाव जिल्ह्यात राहून नाही कसं म्हणू? "मंग ॲसिड ट्रीटमेंट मार." नळ्यांतला क्षार काढायला सोडतात ना, ते ॲसिड. मी पुस्तक पुढून मागून चाळलं, ड्रिपबद्दल एक ओळ नाही. टाक म्हटलं वीस बाजूंचा फासा. १७ पडले.

ट्रोल गुडघ्यापर्यंत विरघळला, भरणं थांबलं, मी ओरडलो, आता मारा! तर जादूगार म्हणतो थांबा, ॲसिड सोडल्यावर २४ तास लाइनला हात लावायचा नसतो, मग फ्लश मारायचा. २४ तास म्हणजे १४४०० टर्न, गुणिले ५. तोवर हा खडखडीत बरा होऊन चालत भुसावळ स्टेशन गाठेल, मी म्हटलं.

"गाठू दे ना भो, बाग तर वाचली."