‘खळ मिसळलेलं काळं पाणी’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

ऐन फवारणीत तुमचा पंप तुंबला आणि मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. एक तारा दिलात, तो तुमचा हक्क आहे. अर्काला वास येतो हेही खरं. समुद्री शैवाल शिजवून काढलेला अर्क आहे, त्याला अत्तराचा वास कुठून येणार? पण ‘यात खळ मिसळली आहे, म्हणूनच नोझलमध्ये गुठळ्या झाल्या’ असं तुम्ही चारचौघांत लिहिलंत, म्हणून उत्तरही चारचौघांतच देतो. ज्याचं घर याच कॅनवर चालतं, त्याला भेसळीचा आरोप फार लागतो.

तुम्हीच टाकलेला पहिला फोटो जरा मोठा करून बघा. ड्रमच्या काठाला निळसर पांढरा थर सुकलेला आहे आणि पानांवरही त्याच रंगाचे ठिपके आहेत. आमचा अर्क गडद तपकिरी असतो, निळा कधीच नसतो. हा रंग मोरचूद आणि चुन्याचा, म्हणजे बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणाचा. त्याच ड्रममध्ये तुम्ही आमचा अर्क ओतलात. रिव्ह्यूत याचा उल्लेख कुठेच नाही. ‘सगळं सांगितल्याप्रमाणे केलं’ एवढंच आहे.

आता गुठळ्या कशा झाल्या ते सांगतो. थोडं लांबेल, पण वाचा. तपकिरी शैवालाच्या पेशीभित्तीत अल्जिनेट नावाचा चिकट पदार्थ असतो. लाटांच्या माऱ्यातही शैवाल तुटत नाही, वाकून पुन्हा उभं राहतं, ते बरंचसं त्याच्या जोरावर. आम्ही शैवाल गोड्या पाण्यात धुऊन रेती आणि मीठ काढतो आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात शिजवतो, तेव्हा हे अल्जिनेट विरघळून अर्कात उतरतं. साध्या पाण्यात ते काही त्रास देत नाही. पण कॅल्शियम भेटलं की त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना धरतात आणि जेली बनते. तांब्याशी गाठ पडली तरी तेच होतं. बोर्डोत चुन्याचं कॅल्शियम आहे आणि मोरचुदाचं तांबंही. तुमच्या नोझलमधून निघालेली लिबलिबीत गाठ ती हीच. म्हणजे ज्या गोष्टीवरून तुम्ही भेसळ ठरवलीत, ती अर्कात खरंच शैवाल असल्याची खूण आहे! तरी शंका असेल तर कॅन कोणत्याही प्रयोगशाळेत न्या आणि स्टार्चची चाचणी करून घ्या. खळ असेल तर आयोडिनने निळा-काळा रंग येईल. चाचणीचा खर्च आम्ही देऊ. ‘बोर्डो, चुना व कॅल्शियमयुक्त खतांबरोबर मिसळू नये’ ही ओळ लेबलवर आहे, पहिल्या दिवसापासून आहे.

फवारणी सकाळी लवकर केली असंही तुम्ही लिहिलंय. दुसऱ्या फोटोत फवारणी चालू आहे आणि प्रत्येक झाडाची सावली बुंध्याशी गोळा झालेली आहे. सकाळी सावली लांब पडते, दादा. भर उन्हात पानांची रंध्रं, म्हणजे बारीक छिद्रं, बरीचशी मिटलेली असतात, थेंब बघता बघता सुकतो आणि त्यातले क्षार पानावर राहून कडा करपतात. हे खोटं पाडायचं म्हणून सांगत नाही. फोनवर मी फक्त फवारणीची वेळ विचारली होती, त्याचं तुम्ही ‘मालकाने मलाच शहाणपण शिकवलं’ असं करून टाकलंत.

पीक पिवळं पडलं, याचं आम्हालाही वाईट वाटतं. पण फोटोत खालची जुनी पानं पिवळी आहेत आणि शेंडा हिरवा आहे. नत्र कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, म्हणून आधी खालून पिवळं पडतं. तुम्ही युरिया पूर्ण थांबवून त्याच्या जागी आमचा अर्क मारलात. एकराला २०० लिटर पाणी, लिटरला अडीच मिली अर्क, म्हणजे एका फवारणीत अर्धा लिटर. अर्कात नत्र १ टक्का धरलं, तरी सगळं मिळून ५ ग्रॅम. तेवढं नत्र चिमूटभर, म्हणजे ११ ग्रॅम युरियात मिळतं. त्यावर एकराचं पीक कसं जगेल? हा अर्क खत नाही, जैवउत्तेजक आहे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमातही जैवउत्तेजकाची ओळख हीच आहे: त्यात अन्नद्रव्य किती, यावर त्याचं काम अवलंबून नसतं. अर्कातलं बीटेन हे द्रव्य आणि संप्रेरकांसारखं काम करणारे घटक मुळांना चालना देतात, पाण्याचा किंवा क्षारांचा ताण आला तर झाडाला तग धरायला मदत करतात. जमिनीत अन्न असेल तर झाड ते चांगलं उचलतं, पण नसलेलं अन्न अर्क कुठून आणणार? रासायनिक खत कमी करायची तुमची इच्छा चांगलीच आहे. पण ते माती तपासून, शेणखत-कंपोस्ट वाढवत, टप्प्याटप्प्याने करायचं असतं.

‘हे नवं फॅड’ म्हणालात म्हणून एवढंच सांगतो. आयर्लंडच्या अरन बेटांवर लोकांनी उघड्या खडकावर वाळू आणि समुद्री शैवाल पसरून माती तयार केली आणि त्यात बटाटे पिकवले. अर्थात ते शैवाल ढिगांनी टाकत होते, आपण मिलीत मोजतो. दोन्हींकडून सारखीच अपेक्षा ठेवून कसं चालेल?

पुढच्या खेपेपासून बोर्डोची सूचना लेबलवर ठळक करायचं बघतो. न उघडलेला कॅन परत घेऊ. रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही, पण खळीचं वाक्य तेवढं दुरुस्त करा, ही विनंती.

आणि हो, तो नोझल नुसत्या पाण्याने सुटणार नाही, तारेने तर अजिबात टोचू नका, भोक मोठं होईल. धुण्याचा सोडा कोमट पाण्यात विरघळवून त्यात रात्रभर बुडवून ठेवा, गाठ हळूहळू विरघळेल. नंतर स्वच्छ पाण्याने पंप दोनदा धुऊन घ्या.