वरचे ११ रुपये

११ रुपयांसाठी माणसाने किती दिवस धुसफुसावं? बायकोच्या मते एक संध्याकाळ पुष्कळ झाली. आज चौथा दिवस आहे आणि माझं अजून चालूच आहे, कारण ते ११ रुपये माझ्या रक्तातून गेलेत.

मागची हकिकत पटकन उरकतो. ऑफिसच्या तपासणीत माझी तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ निघाली. ५.७ च्या खाली असली की माणूस सज्जन, ६.५ ला पोचली की मधुमेही. मी मधल्या पट्ट्यात. डॉक्टर म्हणाले, "गोळी नको. फक्त जेवण सांभाळा." हे 'फक्त' त्यांनी बायकोकडे बघून म्हटलं. माझा निकाल तिथेच लागला.

त्या दिवसापासून साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. तिथे माझा हात पोचतो, पण आवाज न करता पोचत नाही. मुलगी सातवीत आहे. पाकिटामागची यादी कशी वाचायची हे तिला शाळेत शिकवलंय. ज्या जिन्नसाचं वजन सगळ्यात जास्त, त्याचं नाव सगळ्यात आधी. माझा पचनाला हलक्या म्हणून आणलेल्या बिस्किटांचा पुडा उलटा करून ती म्हणाली, "बाबा, पहिलं नाव मैद्याचं आहे." पुडा जप्त झाला. तो तिनेच संपवला. वाढत्या वयाला चालतं म्हणे.

आजवर मी काय खातो हे मला कुणी विचारलं नव्हतं. मिसळीवर दुसरा पाव घेतला की वाढणारा खूश, तिसरा घेतला की मालक खूश. ६.१ झाल्यापासून मात्र माझं ताट गायरान झालंय, ज्याला वाटेल त्याने आत शिरावं. मागच्या आठवड्यात एका वास्तुशांतीला मामीने माझ्या पानासमोर येऊन जिलबीचं ताट मागे घेतलं, "तुला चालत नाही ना रे!" असं अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाली, पुढची तीन पानं वाढली, आणि परत येऊन "एका जिलबीने काय होतंय!" म्हणत दोन टाकल्या. खाल्ल्या असत्या तर बेशिस्त, टाकल्या असत्या तर माजोरी. मी खाल्ल्या. ते घरी कळलं, कारण मामीनेच फोन केला.

तर, भाकरी. आमच्याकडे चपातीची बदली होऊन ज्वारीची भाकरी आली. आई बार्शीकडची, तिला आनंद होईल अशी माझी समजूत होती. ती म्हणाली, "आमच्यात चपाती सणाला व्हायची. तुझ्या बापानं जन्मभर राबून घरात रोजची चपाती आणली. आन् तू डॉक्टरला सहाशे रुपये देऊन परत भाकरीवर आलास?"

ह्यावर मी तिला मिलेटचं महत्त्व सांगायला गेलो. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, आपल्या सरकारने ह्या धान्यांना 'श्रीअन्न' असं नाव दिलंय, वगैरे. आईने एकच शब्द उचलला. "मिलेट? मिलो परत आला का?" मिलो म्हणजे १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली, रेशनवर मिळणारी लाल ज्वारी. आई तेव्हा दहा-अकरा वर्षांची. घरातली मोठी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तिथे सुकडी हा कोरडा पौष्टिक खाऊ मिळायचा आणि घरी मिलोची भाकरी. तिची चव आईला आजही सांगता येते, पण जेवताना ती सांगत नाही. आता आमच्या वाण्याकडे ज्वारी गव्हापेक्षा महाग आहे, हे तिला मी अजून सांगितलेलं नाही. तब्येत जपायला लागते ना, तिचीसुद्धा.

बायको सकाळी ७.४२ ची लोकल पकडते. "खायची तुला, थापायची तू," हा ठराव तिने मांडला आणि बिनविरोध मंजूर झाला, कारण मला मत नव्हतं. म्हणून डोंबिवलीतल्या आमच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी सहाला मी परातीवर वाकलेला असतो. गव्हाच्या पिठाला चिवटपणा असतो, ते सगळं सांभाळून घेतं. ज्वारीचं पीठ कुणाचंच ऐकत नाही. उकळतं पाणी घाला, मळा, थापा. तव्यापर्यंत जाता जाता माझ्या भाकरीचे तीन तालुके होतात. आईने पीठ चिमटीत घेऊन सांगितलं, "विरी गेलीया. पीठ जुनं झालं." ज्वारीचं पीठ पडून राहिलं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग हात कितीही चालवा, कड फाटतेच. म्हणजे थोडं थोडं, ताजं दळून आणायचं. म्हणजे दर दोन आठवड्यांनी गिरणी. म्हणजे मी.

रविवारी साडेदहाला डबा घेऊन निघालो. ४ किलो मालदांडी ज्वारी, १ किलोला थोडी कमी नाचणी, वर मूठभर मेथ्या. सगळं मिळून बरोबर ५ किलो. बरोबर म्हणजे बरोबरच. बायको बँकेत आहे.

रविवारी गिरणीत डब्यांची रांग असते. माणसं इकडेतिकडे सावलीत, आणि डबे आपापल्या मालकांची अब्रू घेऊन ओळीत उभे. ह्या रांगेत 'किती' पेक्षा 'कशावर' ह्या प्रश्नाला जास्त महत्त्व. चक्कीच्या पोटात आधीच्या दळणाचं मूठ-दोन मूठ पीठ राहतं, ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. म्हणून बायका ओरडून विचारतात, "गव्हावर टाकताय ना? डाळीवर नको हं!" मला ज्वारीवर ज्वारी हवी होती. तसं मी सांगितलंही. गिरणीवाल्याने मान हलवली. पण त्याची मान पट्ट्याबरोबर हलतच असते.

बाकावर एक काका बसले होते. पंचाहत्तरीच्या पुढचे. हाफ पँट, मोजे, मोज्यांवर सँडल. मी जरा सरकून बसलो आणि सभ्यपणे विचारलं, "तुमचा नंबर कितवा?"

"माझं दळण नाही. मी बसतो इथे."

"कुणाची वाट बघताय?"

"नाही. बसतो. गुरुवारी गिरणी बंद असते, तेव्हा घरी बसतो."

एवढं बोलून त्यांनी माझ्या डब्याचं झाकण काढलं. विचारलं नाही. मनगटापर्यंत हात आत घातला, तळाचं वर काढलं, दाणा दाताखाली धरला. "मालदांडी. मंगळवेढ्याची नाही, पण बरी आहे." मग नाचणी. मग मेथ्यांपाशी हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"किती?"

"मूठभर."

"मेथ्या नाही विचारल्या. शुगर किती?"

"शुगर वगैरे काही नाही हो. सहज घातल्यात."

"सहज कुणी मेथ्या घालत नाही."

हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की पलीकडच्या दोन बायका माझ्याकडे वळल्या. एकीने तर स्वतःचं झाकण हळूच घट्ट लावलं.

काकांना आता रंग चढला. "मी दळणावरून घर सांगतो," म्हणाले. "तो तिसरा डबा. गहू, सोयाबीन, जवस. मुलगा व्यायामशाळेत जातो आणि घरात कुणाशी बोलत नाही. तो पाचवा. चकलीची भाजणी! जून महिन्यात भाजणी कोण करतं? मुलगी परदेशात जाणार."

"शुक्रवारी जाणार आहे हो," पाचव्या डब्याच्या बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. झालं. त्या क्षणापासून अख्ख्या रांगेचा काकांवर विश्वास बसला आणि माझी सुटका संपली.

"लाजताय कशाला?" काका म्हणाले. "माझी दोनशे ऐंशी होती. १९९८ साली."

"मग काय केलंत?"

"मोजणं बंद केलं."

अशा माणसाने मला आहाराबद्दल अकरा मिनिटं समजावलं. रात्री सातनंतर खाऊ नका. फळं खा. फळं खाऊ नका. चालता का? किती? कुठून कुठपर्यंत? तिथे तर चढच नाही! बोलता बोलता त्यांनी तर्जनी माझ्या पोटात, बेंबीच्या जरा वर, पहिल्या पेरापर्यंत रुतवली आणि भाजणीच्या बाईंना म्हणाले, "हे बघा, इथून सुरू होतं." मी ऑफिसात बावीस माणसांचा वरिष्ठ आहे. मी हललो नाही. का हललो नाही, हे मी चार दिवस स्वतःला विचारतोय.

"तर, किती? उपाशीपोटीची नका सांगू. ती फसवते. तीन महिन्यांची सांगा."

चक्की जोरात होती. "सहा पॉइंट एक," मी पुटपुटलो.

"काय?"

"सहा पॉइंट एक."

त्यांनी कानाला हात लावला. मी त्यांच्या कानाशी गेलो, खोबरेलाचा वास आला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एका अनोळखी कानात माझं रक्त ओतलं. "सहा पॉइंट एक!"

बाकाच्या दुसऱ्या टोकावरून कुणीतरी "किती म्हणाले?" असं विचारलं. काकांनी आवाज वाया घालवला नाही. एक पंजा आणि एक बोट. मग हवेत एक टिंब टोचलं. मग एक बोट. आत, भुवयांपर्यंत पांढऱ्या झालेल्या गिरणीवाल्याने ते बघितलं, समजल्यासारखी मान हलवली, कानावरचा खडू काढला आणि माझ्या झाकणावर लिहिलं: ६.१.

माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी सल्ले झेलत होतो. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, रात्री भिजवलेली भेंडी. एक बाई म्हणाल्या, "माझ्या दिरांचं अस्संच सुरू झालं होतं," आणि गप्प बसल्या. पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

दळण झालं. डबा गरम. "लगेच झाकण लावू नका, घाम सुटतो," गिरणीवाला म्हणाला. "एकसष्ट."

"एकसष्ट कसे? पाच किलो आहे. दहाने पन्नास."

त्याने झाकणावर बोट ठेवलं. "सहा पॉइंट एक."

"कुणी तोललं?"

"काकांनी सांगितलं."

"मीच सांगितलं," काका बाकावरून म्हणाले. "ह्यांनी स्वतः सांगितलं मला. कानात."

"अहो काका, ते वेगळं!"

"वेगळं म्हणजे कसलं?" गिरणीवाल्याने विचारलं, आणि चक्कीचा आवाज आहे म्हणून मी त्याला ओरडून सांगावं अशा अपेक्षेने कान पुढे केला.

बायकांना खरं माहीत होतं. त्या पदराआड, ओढणीआड हसत होत्या, पण एकीनेही तोंड उघडलं नाही. पुन्हा काट्यावर ठेवायला सांगावं तर मागे आठ डबे, त्यात पाचवा शुक्रवारच्या विमानाचा. मी फोन काढला आणि ६१ रुपये पाठवले. भिंतीवरच्या डबड्याने खणखणीत आवाजात जाहीर केलं, "एकसष्ट रुपये प्राप्त झाले." काकांनी समाधानाने मान डोलावली, जणू उपचार सुरू झाले.

झाकण उघडं ठेवायचं म्हणून मी ते काखेत धरलं. खडूचा आकडा बाहेरच्या बाजूला. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्यांनी वाचलं. "सहा-एक? तारीख आहे का कसली?"

"हो. सहा जानेवारी."

"मग अजून वेळ आहे," ते म्हणाले.

घरी बायकोने आधी झाकण बघितलं, मग फोनवरचा आकडा, मग मी सगळं सांगितलं. ती ओट्याला धरून हसली. मुलीने मैत्रिणीला सांगण्यासाठी ते पुन्हा एकदा, हातवाऱ्यांसकट करून दाखवायला लावलं. मला वाटलं होतं, निदान ११ रुपयांचा राग तरी कुणीतरी माझ्या बाजूने करील. जी बाई भाजीवाल्याकडे दोन रुपयांच्या कोथिंबिरीसाठी दहा मिनिटं उभी राहते, ती म्हणाली, "जाऊ दे रे, अकरा रुपये." माझं पोट, माझं ताट, माझा आकडा, सगळ्यांत सगळ्यांना रस. पैसे गेले की ते फक्त माझे.

आईने पीठ चिमटीत घेतलं, बोटांवर चोळलं. "कशावर दळलं?"

"ज्वारीवर. मी सांगितलं होतं."

"गव्हावर दळलंय," आई म्हणाली आणि टीव्हीकडे वळली.

संध्याकाळी सगळे खाली गेल्यावर मी घरच्या काट्यावर पीठ तोललं. ४ किलो ९०० ग्रॅम. १०० ग्रॅम चक्कीच्या पोटात गेलं, म्हणजे आणखी १ रुपया. शिवाय आत कुणाचा तरी गहू आला तो वेगळा. त्याचे वजा करायचे की मिळवायचे हे ठरेना.

पुढची तपासणी सप्टेंबरमध्ये आहे. डॉक्टरांनी ५.६ चं लक्ष्य दिलंय. मी हिशेब करून बघितला. ५.६ वर आलो तरी गिरणीत ५६ रुपये होणार, म्हणजे वर ६ आहेतच. खऱ्या भावात दळण मिळायचं असेल तर मला थेट ५.० वर यावं लागेल, आणि एवढी अपेक्षा डॉक्टरांनीसुद्धा ठेवलेली नाही.