द्विदल म्हणजे युती नव्हे

रविवारी गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो होतो. शेजारच्या टेबलावर चौघं, विषय अर्थातच राजकारण. त्यातले एक काका तर्री मागवता मागवता म्हणाले, "द्विदल चाललंय हो सगळं. खातं एकाचं, जिल्हा दुसऱ्याचा." माझ्याबरोबर भाचा होता, एमपीएससीचा अभ्यास करतोय. त्याने हळूच विचारलं, "मामा, हे चूक ना?"

चूकच. युती सरकारातल्या ओढाताणीला द्विदल म्हणत नाहीत. पण हल्ली हे इतक्यांदा ऐकू येतं की लिहायला बसलो.

द्विदल हा शब्द आधी कडधान्याचा. मटकी, हरभरा, तूर: साल काढली की दोन दळं सुटी होतात. (कांदा मात्र एकदल. त्याने नाशिक जिल्ह्यात किती दळं फोडली, तो विषय वेगळा.) १९१९ च्या कायद्याने इंग्रजांनी प्रांतांत जी राज्यपद्धती आणली, तिला मराठीत हाच शब्द लागला. एकाच प्रांतिक सरकारच्या खात्यांचे दोन भाग केले. शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य ही 'सोपीव' खाती हिंदी मंत्र्यांकडे, आणि ते मंत्री कायदेमंडळाला जबाबदार. अर्थ, पोलीस, जमीन महसूल ही 'राखीव' खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे. त्यांना कायदेमंडळ खुर्चीवरून उठवू शकत नव्हतं. वरची साल म्हणजे गव्हर्नर. १९२१ ते १९३७ हे असं चाललं.

म्हणजे मंत्र्याने शाळा काढायची, पण पैसे मागायला राखीव बाजूच्या दारात जायचं. मद्रासचे मंत्री के. व्ही. रेड्डी यांचं गाऱ्हाणं प्रसिद्ध आहे: शेती खातं आपल्याकडे, पण पाटबंधारे नाहीत. हे वाक्य निफाड-दिंडोरीच्या कुठल्याही शेतकऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. बाग आपली आणि कालव्याच्या पाण्याचं आवर्तन दुसऱ्याच्या हातात, याचा अर्थ तो पुस्तकाशिवाय जाणतो.

आणखी एक गोष्ट भाच्याला सांगितली, ती त्याच्या गाईडमध्ये नव्हती. २ मार्च १९३० ला आपल्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा मुंबई इलाख्यात हीच पद्धत होती. त्याच्या सात वर्षं आधी, १९२३ मध्ये, याच इलाख्याच्या कायदेमंडळाने बोले ठराव करून सार्वजनिक पाणवठे, शाळा अस्पृश्यांना खुल्या करायला सांगितलं होतं. लोकांनी निवडलेली माणसं तिथे बसून ठराव करत होती, आणि पंचवटीत बंदोबस्ताला उभा असलेला पोलीस मात्र राखीव बाजूचा. द्विदल म्हणजे काय हे मला या एका चित्रावरून जितकं कळलं, तितकं कलमं पाठ करून कळलं नव्हतं.

बंगालमधली क्लाइव्हची 'दुहेरी राज्यव्यवस्था' ही अजून निराळी. १७६५ नंतर महसूल ईस्ट इंडिया कंपनीकडे, कारभाराची जबाबदारी नवाबाच्या गळ्यात. तिथे सत्ता दोन होत्या. द्विदलात सरकार एकच, फाळ्या दोन. परीक्षेत दोन्हींची गल्लत करणारे खूप, म्हणून सांगितलं.

आता आजचं. युती किंवा आघाडी सरकारात पक्ष कितीही असोत, सगळे मंत्री मिळून विधानसभेला जबाबदार. कायद्याने खात्यांना सोपीव-राखीव असा शिक्का नाही. वाटणी झाली ती पक्षांच्या बैठकीत, ती उद्या बदलू शकते. भांडण होतं म्हणून द्विदल होत नाही. आणि राज्यात तर पक्ष तीन आहेत, मग निदान त्रिदल तरी म्हणा! उलट २०२२ मध्ये मुदत संपल्यावर आपल्या महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक सगळं बघत होते. ते चक्क एकदल. तेव्हा कुणाला हा शब्द सुचला नाही.

मला राहवलं नाही, काकांना यातलं थोडं सांगितलं. ते चिडले नाहीत. पाव मोडत म्हणाले, "बरं, मग जानेवारी २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्याला पालकमंत्री जाहीर झाला आणि दुसऱ्या दिवशी स्थगिती आली. त्याला काय म्हणायचं? ते पण युती?"

मी विचार करत होतो. त्यांनीच उत्तर दिलं, "खोळंबा म्हणतात त्याला आमच्याकडे."